निखारे तुम्हीच पेटवा

पुणे, 23 मे 2026

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई रडायला लागते आणि बाबा फोन दादाकडे देतात, म्हणून लिहितेय. सरळच सांगते, ठरलंय. 6 जूनला शनिवारी मी गाडी घेऊन वसईला पाचूबंदरला येतेय आणि तुम्ही दोघं माझ्याबरोबर पुण्याला येताय, निदान पावसाळाभर तरी. दादाशी बोलणं झालंय. तुम्हाला न विचारता ठरवलं हे खरं आहे आणि त्याचं मला वाईटही वाटतंय, पण विचारलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते आणि बघू बघू म्हणता जुलै आला असता. मागच्या जुलैची ती रात्र मला परत नकोय. गल्लीत गुडघाभर पाणी, रिक्षावाला यायला तयार नाही, दादा आणि शेजारची पोरं बाबांना खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत नेतायत, आणि मी इथे फोन कानाला लावून नुसती जपमाळ करतेय. नंतर डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला माहीतच आहे, मला ते लिहवत नाही.

काल सकाळी चर्चमध्ये मिस्साला गेले होते. पेन्टेकॉस्टच्या सणाच्या आधीचा शुक्रवार, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय, प्रभू येशू आपल्या कोळी शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो की तू माझ्यावर प्रेम करतोस का, ते. आणि त्याच्या पुढे ते वाक्य, की तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून हवं तिथे जायचास, म्हातारा झालास की तू हात पसरशील आणि दुसराच कोणी तुझी कंबर बांधून तुला नको तिथे नेईल. पोटात गोळाच आला. बाबा, तो दुसरा कोणी म्हणजे मीच की! फादरांनी सांगितलं की हे पेत्राच्या हौतात्म्याबद्दल आहे, पुढच्याच ओळीत योहानाने तसं लिहिलंयसुद्धा. मला ते माहीत आहे. तरी दिवसभर ते डोक्यातून जाईना.

रात्री सगळा अध्याय परत वाचला. हा पहिला भाग तर तुमचाच आहे बाबा, इस्टरच्या आठवड्यात शुक्रवारी तो वाचला की घरी आल्यावर तुमचं प्रवचन ठरलेलं. रात्रभर जाळं टाकून काही नाही, आणि किनाऱ्यावरचा माणूस सांगतो उजवीकडे टाका. तुम्ही म्हणायचात, पाण्यातल्यापेक्षा काठावरच्याला कधीकधी माशांचा थवा आधी दिसतो. आणि 153 मासे का मोजले याच्यावर मोठमोठ्या लोकांनी काय काय अर्थ काढलेत, तुमचं उत्तर एकच, वाटे करायचे तर मोजायला नकोत का? मी आजपर्यंत याच्याहून चांगलं उत्तर ऐकलं नाही. पण एक गोष्ट काल पहिल्यांदाच लक्षात आली. पेत्र उघड्या अंगाने काम करत असतो, प्रभू आहे म्हटल्यावर घाईघाईने कपडा कमरेला बांधतो आणि पाण्यात उडी मारतो, किनारा 200 हात लांब असताना. म्हणजे ज्याला स्वतःची कंबर बांधून उडी मारायची सवय, त्यालाच प्रभू सांगतो की आता दुसरा बांधेल. तुम्ही कमरेला रुमाल आवळून छातीभर पाण्यातून बोटीकडे जायचात ते मी लहानपणी दादाच्या खांद्यावर बसून बघितलंय. तुम्हाला हे किती जड जाणार ते मला कळतं बाबा, खरंच कळतं.

आणि ते निखारे. कोळशाचा विस्तव चारही शुभवर्तमानांत मिळून दोनच ठिकाणी येतो, दोन्ही योहानातच. एक, जिथे शेकत उभा राहून पेत्र प्रभूला नाकारतो, म्हणतो मी त्याचा शिष्य नाही, आणि दुसरा हा किनाऱ्यावरचा, जिथे प्रभू त्याच्यासाठी मासे भाजून ठेवतो. अकरावीत असताना बसस्टॉपवर मैत्रिणींसमोर मी तुम्हाला ओळख दाखवली नव्हती. तुम्ही डोक्यावरची टोपली सावरत तसेच पुढे गेलात. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर तुम्ही चुलीतले निखारे पुढे ओढून माझ्यासाठी सुके बोंबील भाजत होतात, वर तांदळाची भाकरी, आणि म्हणालात, खा, कॉलेजला उशीर होईल. एवढंच. मी माफी कधी मागितलीच नाही. आता मागते.

मागे एम्माऊसचं वाचन झालं तेव्हाही तुमचीच आठवण आली. एम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघं शिष्य पुन्हा उठलेल्या प्रभूला न ओळखताच आग्रह करतात ना, आमच्याकडे राहा, संध्याकाळ झालीय, दिवस उतरलाय. आणि तो पुढे जाणार होता तरी आत जातो. मीही तेवढंच म्हणतेय.

इथे तुमची खोली तळमजल्यावर आहे, जिना नाही. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवलेत, कमोड उंच आहे, आई तुझ्या गुडघ्यांना त्रास नाही. पलंग मुद्दाम बुटका घेतलाय. अल्तारासाठी पूर्वेच्या भिंतीला फळी ठोकून घेतलीय, आजीची मारियामाऊली तिथेच बसेल. रविवारी एक मिस्सा मराठीत असते, चालत सात मिनिटं. मासेवाली बुधवारी येते, मासे बर्फातले असतात, बाबांनी नाक मुरडलं तरी चालेल.

आता ऐका. रक्त पातळ करायची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. सगळ्या फायली, आधार कार्डं आणि चष्म्याचा नंबर एका पिशवीत. आई, तू माळ्यावर चढायचं नाही, मसाला आणि सोडे वहिनी काढून देईल, आणि पिंपभर नाही, एकच डबा. बाबा, बोट शाकारायला दादा आहे, तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि सांगा. 1 जूनपासून 61 दिवस इंजिनाच्या बोटींना मासेमारीची बंदीच आहे, आपल्यासारखं कुणीच दर्यात जाणार नाही, तेव्हा तुमचं काही चुकत नाहीये. ऑगस्टमध्ये बोट पाण्यात उतरवायच्या दिवशी मी तुम्हाला घेऊन येईन, हा माझा शब्द.

शनिवारी मी सकाळी सातपर्यंत पोचते. लगेच निघायचं नाही, न्याहारी करून निघू. बोंबील घरातलेच काढा आणि निखारे बाबा तुम्हीच पेटवा.

तुमची,
बेबी