बोलीचा आकडा कळतो, कराराचं काय?

संपादक महोदय,

हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला की सर्वांत महागडा कोण, एवढीच बातमी होते. २०२४ मध्ये हरमनप्रीत सिंगवर ७८ लाखांची बोली लागली, छान झालं. पण त्याच लिलावात २ लाखांच्या बेस प्राइसला नाव घालणारी पोरंही होती. त्यांच्या हाती काय पडतं आणि कोणत्या अटींवर, हे कुठे वाचायला मिळत नाही.

माझा भाचा गोली, म्हणजे गोलरक्षक आहे, चर्चगेटच्या टर्फवर वाढलेला, वय २०. त्याला एका संस्थेच्या संघाकडून वर्षाचा करार आला. "दादा, जरा नजर टाक, उद्या सही करायची आहे," म्हणत बहिणीने कागद माझ्यापुढे ठेवला. माझी नोकरी बँकेच्या विधी विभागात गेली, त्यामुळे मी आकड्याआधी बारीक अक्षरं वाचतो.

निम्मे पैसे दरमहा आणि निम्मे 'प्रत्यक्ष मैदानात उतरल्यास', सामन्यागणिक. फॉरवर्डला हे चालून जाईल. हॉकीत बदली खेळाडू सारखे आत-बाहेर होतात, प्रत्येकाला थोडी मिनिटं मिळतातच. दुसरा गोली मात्र पॅड बांधून साठ मिनिटं बाकावर बसतो. म्हणजे ते निम्मे पैसे याच्यासाठी कागदावरच! आम्ही म्हटलं, एकूण रक्कम कमी करा, पण सगळी ठरावीक द्या. कुरकुरत का होईना, मान्य झालं.

हॉकी इंडिया लीगमध्ये निवड झाली तर संस्था त्याला खेळायला सोडेल, ही हमी तोंडी होती, ती लेखी मागून घेतली. २०२४ च्या नियमांत प्रत्येक संघात २४ खेळाडू, त्यांत १६ भारतीय आणि त्यांतले ४ ज्युनिअर असणं सक्तीचं होतं. ज्युनिअर म्हटलं की वयाची अट आलीच, त्यामुळे अशा पोराला हीच एक-दोन वर्षं भाव असतो. तेवढ्यात ना हरकत पत्र अडलं तर संपलं. अर्थात नुसत्या लीगवरही विसंबता येत नाही. २०१७ नंतर ती २०२४ पर्यंत बंदच होती, आणि परतली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत मुंबईचा एकही नव्हता.

करार संपल्यावर वर्षभर दुसऱ्या संघाकडून खेळायचं नाही, असंही एक कलम होतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे असली बंदी सहसा टिकत नाही. पण विशीतलं पोर कोर्टाची पायरी चढणार कधी? ते खोडून घेतलं.

घोडं अडलंय दुखापतीवर. सलग ३० दिवस खेळता आलं नाही तर करार आपोआप रद्द, आणि उपचारांच्या खर्चाबद्दल अवाक्षर नाही. त्यावर उत्तर मिळालं, "बाकीच्या मुलांनी मुकाट सह्या केल्या." सही अजून झालेली नाही.

पूर्वी रेल्वेत, बँकेत क्रीडा कोट्यातून कायम नोकरी लागायची; गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची शाबूत. त्या जागा आता मोजक्याच. म्हणून मुंबईतल्या हॉकी संघटनांना विनंती, की हंगामाआधी एखादी संध्याकाळ एक वकील आणि एक जुना खेळाडू मैदानावर बसवावा. पोरांनी सहीआधी कागद घेऊन यावं, त्यांनी तो मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगावा. पहिल्या वर्षी मी विनामोबदला बसायला तयार आहे.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, करी रोड, मुंबई