जिभाऊ, माझा जोड मोडलात त्याबद्दल

आदरणीय जिभाऊ,
साष्टांग नमस्कार.

समोर उभी राहून आभार मानायला गेले की तुम्ही 'राहू दे वं' म्हणता आणि ग्राइंडर सुरू करता. त्या आवाजात कुणाचं काय ऐकू येणार? म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. नातवाकडून वाचून घ्या.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही, माहीत नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. वर्षभराच्या मसाल्याच्या मिरच्या दळायला बाया गोण्या घेऊन रांगेत, आणि माझ्या कांडप यंत्राच्या स्टँडचा एक पाय जोडातून सुटलेला. अमळनेरहून माणूस बोलवायचा तर दोन दिवस. दर वर्षी हेच. म्हणून मी थंडीतच साडेनऊ हजारांचं ते लहान वेल्डिंग मशीन मागवून ठेवलं होतं. सिलिंडर नको, रॉड नको, बंदुकीसारखी गन हातात धरायची, खटका दाबला की तार आपोआप पुढे येते. व्हिडिओत तर एक पोरगा हसत हसत गेट जोडत होता.

मी जोडलं ते गेट नव्हतं आणि हसूही नव्हतं. ठिणग्यांचा पाऊस, लोखंडावर बाजरीच्या दाण्यांएवढे चिकटलेले थेंब, आणि मध्ये सुरवंटासारखी एक ओळ. तरी मला ती सुंदर वाटली. दोन पट्ट्या काटकोनात जोडून मी तुमच्या वेल्डिंगच्या दुकानात कौतुक करून घ्यायला आले होते, खोटं कशाला बोलू.

तुम्ही चष्मा वर केलात, जोड उलटसुलट पाहिलात, एक पट्टी व्हाइसमध्ये आवळलीत आणि दुसरीवर हातोडी मारलीत. एकच. पट्टी टणकन खाली पडली. मग ती उचलून माझ्या हातात दिलीत. वेल्डिंगची अख्खी ओळ एका पट्टीला चिकटून होती, आणि दुसऱ्या पट्टीवर मी सकाळी मारलेल्या ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा होत्या. लोखंड वितळलंच नव्हतं, नुसतं वर बसलं होतं. "हाऊ जोड नही वं माय, हाऊ डिंक शे."

मला रडू आलं होतं. दुकानातली दोन पोरं बघत होती. पण त्या रेघा मी आजही विसरत नाही. तुम्ही तेव्हा 'बरं आहे, शिकशील' म्हणाला असतात, तर दीड मणाचं यंत्र त्या डिंकावर उभं राहिलं असतं आणि खाली कुणाची तरी सून मिरच्या भरत असती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः गिरणीवर आलात. मशीनला 'खेळणं' म्हणालात, तरी त्याचं झाकण उघडून अर्धा तास उकिडवे बसलात. तुमचं सगळं आयुष्य रॉडच्या वेल्डिंगमध्ये गेलेलं, तारेची ही जात तुम्ही वापरलेली नव्हती. पण झाकणाच्या आत चिकटवलेला तक्ता बोट ठेवून वाचलात, आणि दोन बोल्ट सोडवून तारांची अदलाबदल केलीत. मशीन कारखान्यातून सिलिंडरच्या गॅसवर चालणाऱ्या साध्या भरीव तारेसाठी लावून आलं होतं: गन प्लसला, क्लॅम्प (लोखंडाला लावायचा चिमटा) मायनसला. पोटात पावडर भरलेल्या तारेला हे उलटं लागतं, गन मायनसला आणि क्लॅम्प प्लसला. मी महिनाभर उलट्या तारांनी वेल्डिंग करत होते आणि दोष हाताला देत होते!

मग तार ओढणारी चाकी. मी तिचा स्क्रू जीव खाऊन पिळला होता, तार घसरू नये म्हणून. तुम्ही तार बाहेर काढून नखानं दाबून दाखवलीत. ही तार भरीव नसते, नळी असते. जास्त दाबली की चपटी होते, पुढे गनच्या टोकात अडकते आणि मागे मशीनमध्ये कावळ्याचं घरटं करून बसते. माझी दोन वेळा बसली होती. चाकी उलटी करून दातेरी खाच वर घेतलीत आणि स्क्रू इतकाच ठेवलात की तार चिमटीत धरली तर चाकी घसरावी.

एक्स्टेंशनकडे तर तुम्ही बघितलंत आणि कपाळाला हात लावलात. तीस मीटरची, टेबल फॅनच्या वायरीएवढी बारीक वायर. इतक्या लांब बारीक वायरीत व्होल्टेज वाटेतच मरतं, त्यात शेजारी माझीच गिरणी चालू. त्या दिवशी तुम्ही अडीच स्क्वेअर एमएमची आखूड वायर लावून दिलीत आणि म्हणालात की वेल्डिंग करायचं तर दळण बंद.

आणि दळणाच्या खोलीत तर कधीच नाही. हे तुम्ही तीनदा सांगितलंत. हवेत उडालेलं पीठ ठिणगीनं भडकतं, स्फोट होतो. मी म्हटलं, मग अंगणात वारा आहे, चैत्र-वैशाखातला आपला वारा तुम्हाला माहीत आहे. तेव्हा मात्र तुम्ही पहिल्यांदा त्या खेळण्याची बाजू घेतलीत. सिलिंडरचा गॅस वाऱ्यानं उडून जातो आणि जोडात भोकं पडतात. या तारेत पावडर आतच जळते, धूर आणि जोडावर बसणारी मळी दोन्ही तीच तयार करते, त्यामुळे थोड्या वाऱ्यात ही तग धरते. रॉडचीच बहीण म्हणालात. तेव्हापासून तुमचं-तिचं जमलं.

पुढचे सात-आठ दिवस गिरवणं. मशीन बंद ठेवून नुसती गन ओढायची. डावं कोपर गुडघ्यावर टेकवायचं. गनच्या टोकापासून तार करंगळीच्या पेराएवढी बाहेर, दीड सेंटीमीटरच्या आत. गन ढकलायची नाही, आपल्याकडे ओढायची, कारण ढकलली की काळी मळी रसात अडकते. उजेडाकडे बघायचं नाही, उजेडामागच्या वितळलेल्या लोखंडाच्या लाल डबक्याकडे बघायचं. डबक्याच्या कडा दोन्ही पट्ट्यांत भिजल्या की मगच पुढे सरकायचं. आणि कान. तुम्ही पाठ करून बसायचात आणि नुसतं ऐकून सांगायचात, 'तार जास्त', 'आता कमी'. टिनपत्र्यावर पाऊस लागून राहावा तसा एकसारखा आवाज आला की तुम्ही काहीच बोलायचा नाहीत. ती शांतता मिळवायला मला एक किलोचं अख्खं रीळ लागलं.

मध्येच एकदा मशीनचा पिवळा दिवा लागला आणि तार थांबली. मला वाटलं जळालं. तुम्ही लेबल वाचायला लावलंत: पूर्ण करंटला २० टक्के. म्हणजे दहा मिनिटांत दोनच मिनिटं काम, आठ मिनिटं पंखा चालू ठेवून विसावा. आणि हा हिशोबसुद्धा ४० अंशांचा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत पारा त्याच्या वर असतो. "मशीनले बी घाम येस," म्हणालात आणि चहा मागवलात.

नळाच्या पाईपचं प्रकरण मी तुम्हाला उशिरा सांगितलं, त्याबद्दल शिव्या खाल्ल्याच आहेत. तुम्ही भेटण्याआधी मी पडवीत बसून जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडी पाईपवर वेल्डिंग केलं होतं. पांढरा धूर, तोंडात गोडसर चव, आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप. मलेरिया समजून पांघरूण घेऊन पडले, दुसऱ्या दिवशी उतरला. लोखंड वितळायला १५०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळून वाफ होतं. तीच वाफ मी छातीत घेतली होती. शेजारची काकू म्हणाली, दूध पी. तुमचं उत्तर: "दूध च्यामा टाक, पाईप आधी घस." आता जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त घासून काढते, उघड्यावर बसते, वाऱ्याकडे पाठ न करता कडेनं.

साडीचंही तुम्हीच सांगितलंत, थोडे अवघडून, मान वळवून. नायलॉनवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. ह्यांची जुनी जीन्स आणि सुती शर्ट घालून मी अंगणात बसले तेव्हा गल्ली दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून कढईचा कान जोडायला आला.

एका गोष्टीवरून मात्र माझं तुमच्याशी भांडण आहे, ते इथं सगळ्यांसमोर काढते. मला हेल्मेट घातल्याशिवाय खटक्याला हात लावू दिला नाहीत. "डोया ग्यात तं काय करशी?" आणि स्वतः? टाका मारताना काच बाजूला आणि डोळे मिटून! रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी गळतं, हे तुम्हीच मला सांगितलंत. चाळीस वर्षांची सवय हे काही उत्तर नाही. माझं जुनं हेल्मेट दुकानात ठेवून आले आहे, ते खिळ्यावर टांगून ठेवलेलं मला दिसलं. खाली उतरवा.

शिकवल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. उलट पाच किलो मिरच्या कांडून नेल्यात आणि त्याचे पैसे मोजून गल्ल्याजवळ ठेवलेत. हा हिशोब मला मान्य नाही.

स्टँडचे चारही पाय मी नव्यानं जोडले, उरलेला सगळा सीझन त्यावर निघाला. पण तुम्ही ते फक्त लांबून पाहिलंत. येत्या बाजाराच्या दिवशी त्याच पट्टीचे, त्याच मापाचे दोन तुकडे जोडून घेऊन येते. व्हाइस मोकळी ठेवा. हातोडी मोठी घ्या, आणि पोरांना बाहेर पाठवू नका.

तुमची,
गिरणीवाली