चार दिवसांपलीकडचे राणे

अंदमानातील 21 बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे देण्याचा 23 जानेवारी 2023 चा निर्णय मनापासून पटला. त्यांतले एक बेट कारवारजवळच्या चेंडिया गावच्या रामा राघोबा राणे यांच्या नावाचे आहे. 8 ते 11 एप्रिल 1948 या चार दिवसांत, जखमी असूनही, त्यांनी काश्मीरच्या युद्धात जम्मू भागातल्या नौशेरा-राजौरी मार्गावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली. छापून येते ते एवढेच. पण राणे त्यानंतर 46 वर्षे जगले! 1968 पर्यंत लष्कराची सेवा केली, संसार केला. 1994 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. बेटावरच्या फलकात हा घरचा माणूसही दिसावा. त्यासाठी कुटुंबीयांच्या आठवणी आताच टिपून घ्याव्यात.

– एका माजी सैनिकाचा मुलगा, खडकी, पुणे