संत्र्याचा रस आणि सकाळी सातची गोळी

मा. संपादक,

माझ्या नवऱ्याला पार्किन्सन आहे. परवाच्या पुरवणीतला लेख वाचला, या रोगात मेंदूच्या पेशी ऑक्सिडेशनने खराब होतात म्हणून अँटिऑक्सिडंट, म्हणजे ते नुकसान रोखणारे पदार्थ, घ्या सांगणारा. म्हणजे आधी माझ्या नणंदेने वाचला, मग शेजारच्या काकूंनी, मग यांच्या सकाळच्या फिरण्यातल्या दोघांनी, आणि दुपारपर्यंत मला सात फोन. सगळ्यांचं एकच, यांना रोज संत्र्याचा रस देऊन राहिल्या ना? अहो, नागपुरात राहतो आम्ही. संत्री कमी पडली म्हणून पार्किन्सन होत असता तर काटोल-वरूडला एकाचाही हात थरथरायला नको होता.

लेखात चूक आहे असं नाही. डोपामाइन, म्हणजे हालचालींचा निरोप पोचवणारं मेंदूतलं रसायन, मोडताना पेशीतच तिला घातक असं हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं, मेंदूच्या ज्या भागात डोपामाइन बनतं तिथे लोह जास्त साठतं आणि हे सगळं निस्तरणारं ग्लुटाथायोन नेमकं तिथेच कमी झालेलं असतं, नऊ वर्षं सांभाळून राहिले मी, एवढं पाठ आहे. पण तिथून एकदम 'व्हिटॅमिन ई सुरू करा' कुठून आलं? अमेरिका-कॅनडात १९८७ पासून ८०० पेशंटवर हेच करून पाहिलं, रोज २००० युनिट, रोग काही हळू झाला नाही. कोएन्झाइम क्यू-टेन या दुसऱ्या अँटिऑक्सिडंटचा प्रयोग तर २०११ मध्ये अर्ध्यातच बंद केला, फायदा दिसेना म्हणून. एवढ्या दोन ओळी छापायला जागा नव्हती, खाली कॅप्सूलची जाहिरात छापायला बरी होती.

मागच्या दिवाळीत असंच काही वाचून दीर मोठ्या प्रेमाने एक डबा घेऊन आले, वर ठळक लिहिलेलं 'अँटिऑक्सिडंट'. मीच मूर्ख, सकाळी सातच्या लेवोडोपाच्या, म्हणजे यांच्या पार्किन्सनच्या मुख्य औषधाच्या, गोळीसोबतच द्यायला लागले. एरवी अर्ध्यापाऊण तासात हे स्वतः शर्टाची बटणं लावतात. तेव्हा साडेआठ झाले तरी बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय चिकटलेले, मी मागून 'एक-दोन, एक-दोन' म्हणते आणि हे हलत नाहीत. तीन आठवडे आम्ही समजत होतो रोगच वाढला, मुलगा तर पुण्याहून यायला निघाला होता. शेवटी धंतोलीत डॉक्टरांनी डबा उलटा करून बारीक अक्षर वाचलं, त्यात लोह. ते पोटात लेवोडोपाला धरून बसतं, औषध अंगात पोचतच नाही. डबा बंद केला, पाच दिवसांत बटणं परत सुरू. दिरांना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी लेखाखाली निदान एवढं तरी टाका की चालू गोळ्यांसोबत काहीही घ्यायच्या आधी डॉक्टरला डबा दाखवा.

आणि हो, शब्दकोड्याचे चौकोन मागच्या महिन्यापासून लहान का केले? यांचं अक्षर रोगाने बारीक झालं, तुमचं कशाने?

एक जुनी वाचक,
प्रतापनगर, नागपूर