सापळ्यात न सापडणारा भ्रष्टाचार

महोदय,

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने एखाद्या लोकसेवकाला रंगेहाथ पकडले की त्याची बातमी आपण ठळकपणे छापता, आणि ती छापलीच पाहिजे. परंतु नोटांना लावलेली पावडर आणि द्रावणात गुलाबी होणारी बोटे यांनी जो भ्रष्टाचार सिद्ध होतो, तो बहुधा सातबाराची नोंद, दाखला किंवा बिल अडवून मागितलेल्या रकमेचा असतो. तिथे अडवणूक झालेला माणूस स्वतः तक्रार घेऊन येतो, म्हणून सापळा रचता येतो. निविदेतील टक्केवारीत मात्र देणारा आणि घेणारा दोघेही समाधानी असतात, आणि ज्याचे नुकसान होते तो, म्हणजे पावसात उखडलेल्या रस्त्यावरून रोज जाणारा कोल्हापूरकर, त्या व्यवहारात कुठेच हजर नसतो. एकाच ठेकेदाराला बसेल अशी अनुभवाची व उलाढालीची अट घालणे, एका कामाचे तुकडे पाडणे, आपसात ठरवून चढ्या दराच्या निविदा भरणे, हे सारे पैसे हातात पडण्याच्या कितीतरी आधी उरकलेले असते.

मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजक आहे, त्यामुळे दोष केवळ सरकारी कचेऱ्यांना देणे मला पटत नाही. खासगी कंपनीच्या खरेदी विभागातील माणसाला ऑर्डरमागे कमिशन पोचवणे ही आपल्याकडे अनेकांना व्यवहाराची रीत वाटते. त्या कमिशनची भरपाई मालाच्या दर्जातून किंवा कामगाराच्या मजुरीतून होते, हे कोणी बोलत नाही. 1988 चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा मुख्यतः लोकसेवकांपुरता आहे. भारताने 2011 मध्ये संमत केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी करारात खासगी क्षेत्रातील लाचखोरीही गुन्हा मानण्याचा विचार सदस्य देशांनी करावा असे म्हटले आहे, तरीही आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र कायदा झालेला नाही.

लोकसेवकाला लाच देणाऱ्याबाबत मात्र 2018 च्या दुरुस्तीने चित्र स्पष्ट केले आहे. लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्याला ती देणे भाग पडले, त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले तर त्याला संरक्षण आहे. ही मुदत आमच्या व्यावसायिकांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही पुढचे बिल अडेल या भीतीने गप्प बसणारे त्याहून अधिक असावेत. ही भीती खोटी नाही. म्हणूनच एकट्यादुकट्याने तक्रार करण्याऐवजी उद्योजकांच्या संघटनांनी सभासदांच्या पाठीशी उभे राहून अशा तक्रारी पुढे न्याव्यात, असे मला तळमळीने वाटते.

महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी माहितीच्या अधिकार कायद्याच्या कलम 4 ला अनुसरून प्रत्येक मोठ्या कामाचे अंदाजपत्रक, निविदांचा तुलनात्मक तक्ता आणि मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता संकेतस्थळावर ठेवाव्यात. बिल निघण्यापूर्वी त्या नोंदी प्रत्यक्ष रस्त्याशी ताडून पाहायला प्रभागातील नागरिक तयार आहेत.

आपला,
एक लघुउद्योजक, कोल्हापूर