निर्लेखनाच्या यादीवर माझीही सही आहे

महोदय,

महाविद्यालयांच्या अमृतमहोत्सवांच्या आणि शताब्दीच्या बातम्या आपल्या अंकात वरचेवर येतात. स्मरणिका काढायचे ठरते, मग कोणीतरी ऑफिसात येऊन विचारते, 'पहिल्या बॅचच्या मुलांची नावे मिळतील का हो?' मी एका जुन्या महाविद्यालयात चौतीस वर्षे नोकरी करून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि ते का नव्हते हे मला चांगले ठाऊक आहे.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'ची समिती यायची होती. जिन्याखालची खोली रिकामी करून तिथे 'विद्यार्थी सुविधा कक्ष' दाखवायचा होता. खोलीत लाल कापडात बांधलेले बस्ते, वर बोटभर धूळ. कागदांची वर्गवारी आम्हा कारकुनांना झोपेतही सांगता येते. 'अ' कायमचे, 'ड' वर्षभरात रद्द, बाकीचे मधले. जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश घेतलेल्या मुलांच्या नोंदींचे पुस्तक, अर्थातच 'अ'. पण एकेक बस्ता सोडून पाहायला वेळ कुणाला होता? निर्लेखनाच्या, म्हणजे रद्दीत काढायच्या वस्तूंच्या, यादीत 'जुने कागद, बस्ते २८' एवढेच लिहिले आणि खाली तिघांनी सह्या केल्या. तिसरी सही माझी. टेम्पो गेला, रद्दीवाल्याची पावती फाइलला लागली.

दोन दिवसांनी रॅक हलवताना भिंतीशी अडकलेले एक रजिस्टर शिपायाच्या हाती लागले. १९४२-४३ सालचे. नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, फी माफी, शेरा, असे रकाने. टाकाने लिहिलेले ठसठशीत अक्षर. एका पानावर शेऱ्याच्या रकान्यात ओळीने सात नावांपुढे एकच वाक्य होते: 'ऑगस्टपासून गैरहजर, नाव कमी केले.' कारण लिहिलेले नाही. बेचाळीसच्या ऑगस्टात ते लिहायची गरजही नव्हती. त्या सात मुलांचे पुढे काय झाले, कोणी परत येऊन नाव घातले का, हे पुढच्या वर्षीच्या रजिस्टरात असणार. ते टेम्पोतून गेले.

आता दुसरी बाजू पाहा. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत पोहोचल्या आणि पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिले. वय अठरा. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण आलो आहोत, हे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्या १८८६ साली पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावरचा त्यांचा प्रबंध, जपानी आणि सीरियन मैत्रिणींबरोबरचा १८८५ सालचा तो प्रसिद्ध फोटो, हे सगळे फिलाडेल्फियात जपलेले आहे. गंमत अशी, की ते महाविद्यालय त्या नावाने आता उरलेलेच नाही. विलीनीकरणे होत होत ते शेवटी ड्रेक्सेल विद्यापीठात सामावले गेले. पाट्या बदलल्या, पण कागद एका हातातून दुसऱ्या हातात नीट गेले. आमच्याकडे प्राचार्य बदलले की कपाटांच्या किल्ल्यासुद्धा नीट जात नाहीत.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची विद्यार्थी म्हणून असलेली फाइल आजही आहे. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्यांची केलेली शिफारस, बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली अर्धवट राहिलेले शिक्षण, १९२० साली पुन्हा घेतलेला प्रवेश, १९२३ ची डी. एस्सी., ही सगळी वाट तिथल्या कागदांवरून लागते. ती फाइल ठेवणाऱ्या कारकुनाला हा मुलगा पुढे कोण होणार हे माहीत नव्हते. त्याने फक्त फाइल ठेवली. माझ्या मते या कामातली मेख इथेच आहे. थोरांचे कागद जपायचे म्हणून भागत नाही, कारण प्रवेश घेताना कोणीच थोर नसतो. मुंबई विद्यापीठाचे १८६२ सालचे पहिले चार पदवीधर, रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे, हेही परीक्षेच्या दिवशी नुसते उमेदवारच होते.

आपल्याला हे जमतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृत महाकोशाचे काम चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तिथे खणाखणांतून लावून ठेवल्या आहेत. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि कोश अजून 'अ'पाशीच आहे. लोक हसतात. मी जाऊन आलो आहे, मला हसू आले नाही. कोणी एकाने साठ-सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेली चिठ्ठी आजच्या माणसाला हात घालताच मिळते, ही सोपी गोष्ट नाही. त्याच कॉलेजात शिकलेले इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव वणवण करून दप्तरे मिळवत होते. आपण आपली दप्तरे दारात टेम्पो बोलावून देतो.

हल्ली कुठेही विचारले तरी 'सगळे स्कॅन केले आहे' असे उत्तर मिळते. आम्हीही केले होते. जुन्या शोधनिबंधांच्या तीन सीड्या झाल्या, त्यांतली एक उघडत नाही आणि दुसऱ्या दोन घालायला ऑफिसात ड्राइव्हच उरलेला नाही. स्कॅन करणाऱ्या मुलांनी पानांच्या पाठी घेतल्या नव्हत्या; मार्गदर्शकांचे पेन्सिलीतले शेरे नेमके तिथेच. पीएच.डी.चे नवे प्रबंध 'शोधगंगा' या ऑनलाइन संग्रहावर चढतात हे उत्तम आहे, पण साठ-सत्तरच्या दशकांत मराठीतून टंकलिखित केलेल्या कित्येक प्रबंधांची ग्रंथालयात एक आणि लेखकाच्या घरी एक अशा दोनच प्रती असतात. लेखक गेला की घरची प्रत कुठे जाते, हे सांगायला नको.

यात सामान्य माणसाचाही जीव अडकलेला असतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरे आणि मोडी वाचणारी माणसे एकदम मोलाची ठरली. त्याआधी त्या रजिस्टरांना वाळवी लागली आहे की नाही, हे विचारायलाही कोणी आले नव्हते.

माझे मागणे फार मोठे नाही. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या अखत्यारीतल्या महाविद्यालयांसाठी एक अभिलेखागार ठेवावे. ग्रंथपालाच्या गळ्यात अतिरिक्त कार्यभार न बांधता अभिलेखांचे शिक्षण घेतलेला माणूस तिथे नेमावा. आणि इतिहासाच्या एका प्राध्यापकाने बस्ते सोडून पाहिल्याशिवाय निर्लेखनाची यादी मंजूर होऊ नये. पंचवीस वर्षांपूर्वी हा शेवटचा नियम असता, तर त्याने माझाच हात धरला असता.

ते १९४२-४३ चे रजिस्टर मी प्राचार्यांना कळवून घरी आणले, कारण ठेवायला जागा नव्हती. गेली अकरा वर्षे ते आमच्या कपाटात साड्यांच्या खाली, कडुलिंबाच्या पाल्यात आहे. पत्नी दर दिवाळीला विचारते, हे कुणाचे? दोन ठिकाणी नेऊन दाखवले. एका ठिकाणी 'ठेवून जा' म्हणाले, पण पोच द्यायला कोणी तयार नव्हते. पावती देऊन नोंद करून घेणारी जागा कोणाच्या माहितीत असल्यास कळवावे, मी स्वखर्चाने नेऊन देईन.

– एक निवृत्त कार्यालयीन अधीक्षक, सातारा