एका बाटलीला तीन नियम, आणि जबाबदार कोणीच नाही: नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात परतीच्या वाटेवर विमान बदलताना सुरक्षा तपासणीत माझ्याकडची दारूची बाटली काढून घेतली गेली आणि माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली गेली. आपला वेळ मोलाचा आहे याची मला जाणीव आहे. तरीही हे पत्र आपण स्वतः वाचावं, आपल्या कार्यालयातल्या कोणी ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून ते पुढे ढकलू नये, ही विनंती.

प्रवाशाला नियम माहीत नव्हता, असं उत्तर येईल म्हणून आधीच सांगते, मला नियम माहीत होता. निघण्यापूर्वी मी तो बसून वाचला होता. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर किंवा वाइन धोकादायक मालात मोडत नाही. २४ ते ७० टक्क्यांमधली दारू माणशी ५ लिटरपर्यंत नेता येते, पण ती दुकानातल्या मूळ सीलबंद बाटलीतच हवी. ७० टक्क्यांच्या वरची दारू ना बॅगेत चालते ना हातात, कारण तिची वाफ सहज पेट घेते. हे सगळं मला पटतं. विमानात आग लागू नये असं मलाही वाटतं, मी त्याच विमानात बसलेली असते.

बाटली मोठ्या भावाच्या साठीची भेट होती. ड्युटी फ्री दुकानात पैसे देण्यापूर्वी मी विचारलं, ‘पुढे विमान बदलायचं आहे, चालेल ना?’ विक्रेत्याने बोर्डिंग पास पाहिला, ‘चालेल’ म्हणाला, बाटली त्या खास पारदर्शक पिशवीत घालून सील केली आणि पावती माझ्या हातात दिली. पावती पिशवीच्या आत, बाहेरून वाचता येईल अशी ठेवायची असते. ते काम त्याचं होतं. पुढच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पिशवी उलटसुलट करून पाहिली. सील शाबूत होतं. पावती मी पुढे धरली, तिच्यावर त्याच दिवसाची तारीख होती. ‘आत नाही ना, मग नाही,’ एवढंच उत्तर मिळालं. मोठी बॅग चेक-इन झालेली, त्यामुळे तिच्यात ठेवायची सोय नाही. मागे रांग खोळंबलेली. आणि मग तो अधिकारी मोठ्याने म्हणाला, ‘हवी तर इथेच संपवा.’ रांगेतले चार लोक हसले.

मी दारू पीत नाही. पीत असते तरी त्या वाक्याचा अपमान तेवढाच राहिला असता. हातात बाटली असलेली बाई दिसली की तिच्याशी कसंही बोललं तरी चालतं, हे तुमच्या कोणत्या नियमपुस्तकात लिहिलं आहे? बाटलीचे पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण त्या हसण्याने मला रात्रभर झोप लागली नाही, आणि घरी पोहोचल्यावर भावाला काय झालं ते सांगताना माझाच आवाज चोरटा झाला, जणू चोरी मीच केली होती.

आता मूळ दुखण्याकडे येते. एकाच बाटलीवर तीन वेगवेगळे हुकूम चालतात. ५ लिटरची मर्यादा आगीच्या धोक्यासाठी आहे. हातातल्या सामानातल्या द्रवाच्या बाटलीला असलेली १०० मिलीची मर्यादा, जिच्यातून सुटण्यासाठीच ती सीलबंद पिशवी असते, स्फोटकांच्या भीतीपोटी आली. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये पेयांच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटकं नेऊन विमानं उडवण्याचा कट उघड झाला, त्यानंतरची ती अट आहे. ती मोजली जाते बाटलीच्या मापावर, आतल्या द्रवावर नाही, म्हणून अर्धी रिकामी २०० मिलीची बाटलीही अडवली जाते. तिसरा हुकूम सीमाशुल्क खात्याचा, किती दारू करमुक्त आणायची याचा, आणि तो देशागणिक वेगळा. ५ लिटर विमानात चालतात म्हणजे ५ लिटर करमुक्त, असं समजून किती प्रवासी फसत असतील! तिकीट विकताना हे तिन्ही नियम एका पानावर साध्या भाषेत कोणी देतं का? भाडं, आसन, जेवण, विमा, सगळं विकायला पडद्यावर जागा असते. एवढ्यासाठीच नसते.

त्यात सामान तपासणाऱ्या नव्या सीटी स्कॅनरमुळे काही विमानतळांवर १०० मिलीची अट सैल झाली आहे. म्हणजे एका विमानतळाने सोडलेली बाटली दुसरा अडवणार, आणि भुर्दंड कायम प्रवाशाच्याच माथी.

मी तक्रार करायला गेले तेव्हा विमान कंपनी म्हणाली, सुरक्षेचा प्रश्न आमचा नाही. सुरक्षा विभाग म्हणाला, दुकानाला विचारा. दुकान मागे राहिलेल्या विमानतळावर. त्या दुकानाच्या भाड्यातून विमानतळ कमावतो, विक्रीवर दुकान कमावतं, आणि चूक झाली की सगळ्यांचे हात वर. चेक-इन बॅगेचं नुकसान झालं तर आंतरराष्ट्रीय विमान प्रवासातल्या भरपाईबद्दलच्या १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार ७ दिवसांत लेखी तक्रार करता येते, तेवढा तरी आधार आहे. तपासणीत काढून घेतलेल्या वस्तूसाठी मला साधा कागदही मिळाला नाही. काय घेतलं, कोणत्या कारणाने घेतलं, कोणी घेतलं, याची नोंद माझ्याकडे शून्य. सरकारी माणसाने नागरिकाची विकत घेतलेली वस्तू घ्यावी आणि पोचही देऊ नये, ही कसली शिस्त? रुग्णालयात, तहसिलीत, बँकेत हेच चालतं. नियम पाळणाऱ्याने कागद दाखवायचे, नियम चालवणाऱ्याने कधीच नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. काढून घेतलेल्या प्रत्येक वस्तूची कारणासह लेखी पोच द्या. पिशवी चुकीची सील केली तर पैसे परत करण्याची सक्ती दुकानावर करा, आणि ती अट त्याच्या परवान्यात घाला. विमान बदलणाऱ्याला बाटली चेक-इन करायची किंवा पैसे भरून घरी पाठवायची एक खिडकी द्या. तपासणीच्या जागी प्रवाशाची टिंगल करणाऱ्यावर कारवाई करा.

यातली कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही आणि का नाही, हे तुमच्या सहीने लेखी कळवा. ‘नियमानुसार कार्यवाही झाली’ हे एका ओळीचं उत्तर मला आधीच आलेलं आहे. ते पुन्हा पाठवू नका.

आपली,
एक प्रवासी